उसन्या शब्दांची चव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्यावर बोलायचा मला तसा काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. विषय आहे वाइनची चव घ्यायला शिकवणं. मी राहतो दर्यापूरला. बनोशात माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. बी.ए. झालो, मराठीत कविता लिहितो, गझला लिहितो. मुसलमान आहे. दारूचा थेंब आजवर ओठाला लागलेला नाही आणि पन्नाशी उलटल्यावर आता लागेल असंही वाटत नाही. तरीही या चव शिकवण्याच्या कामात मी थोडा सापडलो. कसा, ते सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीतला एक पोरगा नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होता. दिवाळीला घरी आला आणि दुकानात येऊन एक कागद त्यानं माझ्यापुढे ठेवला. कागदावर इंग्रजी शब्दांची यादी होती. ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडार, आणखी कितीतरी. म्हणाला, "चाचा, पेल्यात वास तं येते, पण सांगता नाही येत. मी नापास झालो." वाइनचा वास घेऊन तो शब्दांत सांगायची परीक्षा होती. यानं शब्दकोशात गूजबेरीचा अर्थ पाहिला, तर तिथं लिहिलं होतं आवळा. म्हणून हा पेल्यात आवळा शोधत बसला. विलायती गूजबेरी हे वेगळंच फळ, आणि ते त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. परीक्षक हसले. हसण्याचं त्याला लागलं होतं.

मी त्याला म्हटलं, "बाबा, तू चुकीच्या दुकानात आलास." तो म्हणाला, "वासाले शब्द पायजे चाचा. शब्दाचं दुकान तं तुमचंच हाये."

आता हा पोरगा नाशिकला हे शिकत का होता? आमच्याकडे कापूस, तूर, मूग, हरभरा. नाशिककडे द्राक्षं. पण तिथंही वर्षानुवर्षं होती ती खायची द्राक्षं, थॉमसन सीडलेससारखी. वाइनचं द्राक्ष वेगळं असतं. लहान, बियांचं, जाड सालीचं. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या मदतीनं फसफसणारी वाइन काढली, ती परदेशी जायची. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७मध्ये सुलाच्या वेली लावल्या आणि २०००मध्ये त्यांची पहिली वाइन निघाली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. शेतकऱ्यांनी वेली लावल्या, कारखाने उभे राहिले. मग ती वाइन हॉटेलात ओतणारी, गिऱ्हाइकाला समजावून सांगणारी माणसं हवी झाली. ती कुठून येणार? फ्रान्समध्ये पोरगं लहानपणापासून घरातल्या जेवणाच्या टेबलावर हे पाहतं. आपल्याकडे कुणाच्या आजोबानं वाइन ठेवली होती? आपल्याकडे सगळं पाटीपासून शिकवायचं.

शिकवायची रीत जगभर साधारण सारखीच आहे. पेल्यात थोडी ओतायची. पांढऱ्या कागदावर पेला कलता धरून रंग पाहायचा. पेला गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. नाक घालून हुंगायचं. मग एक घोट तोंडात घेऊन, थोडी हवा ओढून, जिभेवर सगळीकडे फिरवायचा. आणि थुंकून टाकायचा. त्यासाठी शेजारी भांडं ठेवलेलं असतं. हे थुंकणं लक्षात ठेवा, त्यावर मी परत येणार आहे.

यात कठीण काम शब्दांचं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल नावाच्या प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी १९८४ साली वासांचं एक चक्र तयार केलं. मध्ये 'फळ', 'फूल', 'मसाला' असे मोठे शब्द, बाहेर बाहेर जावं तसे नेमके शब्द. 'छान', 'भारी' असलं काही म्हणायचं नाही, कशासारखा वास ते सांगायचं, हा त्यामागचा हेतू. त्याआधी १९८१मध्ये फ्रान्सच्या जाँ लनवार यांनी ५४ वासांच्या बारीक कुप्यांची एक पेटीच काढली. विद्यार्थ्यांनी कुपी उघडायची, हुंगायची, नाव सांगायचं.

त्या पेटीचं वर्णन पोरानं केलं आणि मला एकदम माझ्या आजोबांची आठवण झाली.

माझे आजोबा अत्तर विकायचे. उरसात, यात्रेत, ईदच्या बाजारात. त्यांच्याकडे लाकडी पेटी होती, आत मखमल आणि मखमलीत ओळीनं कुप्या. खस, केवडा, मोगरा, गुलाब, हिना, शमामा. ऋणमोचनच्या यात्रेत पेटी मांडून बसले की मी शेजारी असायचो. गर्दी नसली की कापसाचा फाया माझ्या नाकाशी धरायचे. मी घाईनं नाव घेतलं की म्हणायचे, "जल्दी मत कर बेटा. पहले सूंघ, फिर बोल." तीन-चार अत्तरं हुंगली की नाक बधिर होतं. तेव्हा ते मला स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायला लावायचे. नाक परत ताळ्यावर येतं.

ती पेटी माळ्यावर होती. बऱ्याच कुप्या सुकलेल्या, पण वास टिकून होते. मी ती खाली काढली. त्या दिवाळीच्या सुट्टीत रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्या पोराचा वर्ग भरू लागला. वाइनचा थेंब नव्हता. अत्तर होतं, किराणा होता, भाजी होती. डोळ्याला रुमाल बांधायचा आणि नाकाशी वस्तू धरायची. धने, बडीशेप, लवंग, काळी मिरी, वाळलेली लिंबाची साल, गुळाची ढेप, तंबाखूची पुडी, नव्या वहीचा कागद, पेरू, ओली गोणपाटं. अंजनगावच्या पानमळ्यातली पानंही आणली. पहिल्या दिवशी वीसपैकी सात ओळखले. आठव्या दिवशी सतरा.

मग त्याला एक गोष्ट पटवली. म्हटलं, तू काही नवं शिकत नाहीस. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखाली खारं पाणी. शहानूरचं पाणी नळाला यायच्या आधी आपल्या आज्या एका घोटात सांगायच्या की हे पाणी कोणत्या विहिरीचं, यात डाळ शिजेल की नाही. कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावरचा ग्रेडर मूठभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी पाहायचा आणि प्रत सांगायचा. त्या एका ओढीवर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. हा ग्रेडरही कुठंतरी कुणाच्या हाताखालीच शिकला असेल ना? वाइनवाले ज्याला मातीचा गुण म्हणतात, तो आपल्या जिभेनं कधीच ओळखलेला आहे.

आणि एका बाबतीत तर आपली भाषा फार श्रीमंत निघाली. लाल वाइनमध्ये टॅनिन असतं. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून येतं. तोंड कोरडं पडतं, जीभ ओढल्यासारखी होते. हे मुलांना कसं समजवावं याचा त्याच्या वर्गात खल चालला होता म्हणे. मी म्हटलं, अरे, तुरट! सहा रसांतला सहावा. कच्चं केळं, सुपारी, कात, जांभूळ, उकळून उकळून काळा झालेला चहा. वऱ्हाडातलं पाच वर्षांचं पोर तुरट म्हणजे काय ते जाणतं.

आम्ही मिळून नवी यादी केली. ब्लॅककरंटच्या जागी जांभूळ आणि करवंद. ती काही तंतोतंत जुळत नाहीत, पण हात धरून दारापर्यंत नेतात. काही ठिकाणी तर जुळवायचीही गरज पडली नाही. सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो म्हणतात. मला वाटलं, ही उपमा असेल. पोरगा म्हणाला, नाही, दोन्हींत द्रव्यच एक आहे. शिराझ नावाच्या लाल वाइनला काळ्या मिरीचा वास येतो, तिथंही तेच. मिरीतलं ते द्रव्य त्या वाइनमध्ये सापडलं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं. आम्ही कवी लोक उपमा देऊन मोकळे होतो. इथं उपमा खरी की खोटी, ते तपासता येतं. याचा मला जरा धाकच वाटला.

पुढचा प्रश्न त्यानं विचारला, तो या धाकाशीच जुळणारा होता. म्हणाला, "चाचा, तुमच्या गझलीत पेला येते, साकी येते, नशा येते. तुमी लिवता तवा थे कशी लागते?"

मी त्याला मोठमोठी नावं सांगितली. उमर खय्याम सांगितला. माधव जूलियन पुण्यात फारसी शिकवायचे, त्यांनी खय्यामच्या रुबाया १९२९मध्ये मराठीत आणल्या, हे सांगितलं. उर्दूत रियाज़ खैराबादी झाले, दारूवरच्या शेरांसाठी गाजले आणि आयुष्यात कधी प्यायले नाहीत असं म्हणतात, हेही सांगितलं. सूफींच्या कवितेत ती दारू नसते, ते ईश्वराचं प्रेम असतं, हे सांगितलं. अमरावतीचे सुरेश भट यांनी मराठी गझल घराघरात नेली, त्यांच्यामुळं मी लिहू लागलो, तेही सांगून झालं. पोरानं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "थे खरं आहे चाचा. पण तुमी सांगा ना, तुमची कशी लागते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठ्यांनी तो पेला भरला होता, आपापल्या अनुभवानं किंवा भक्तीनं. मी फक्त उचलला होता. त्या पोराच्या कागदावरची गूजबेरी आणि माझ्या गझलेतला साकी यांत फरक काय? दोन्ही उसने. त्या रात्री मी माझी वही काढली. नंतर लिहिलेल्या गझलांत तुम्हाला पेला सापडायचा नाही. विहीर सापडेल, कापसाचा फाया सापडेल. कविता सुधारली की नाही, ते वाचणारे जाणोत. खोटं कमी झालं, एवढं मी सांगू शकतो.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण त्या पोराला आई आहे.

तिचं घर आमच्या घरासमोर. ती मला भाऊ म्हणते, राखी बांधते. तिचा नवरा दारूनं गेला. हातभट्टीची, मग देशी, जी मिळेल ती. दोन एकर गेलं, मग माणूस गेलं. पोरगा तेव्हा चौथीत होता. उभी बाटली-आडवी बाटली हे मतदान तुम्हाला माहीत असेल. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. तिच्या माहेरच्या गावात असं मतदान लागलं, तेव्हा तिचं मत तिथं नव्हतं, तरी ती महिनाभर घरोघर फिरली. आणि आमचा मुलूख गाडगेबाबांचा. १८७६ साली ते शेंडगावला जन्मले, अंजनगाव तालुक्यात. त्यांचे वडीलही दारूपायी गेले. बाबांनी जन्मभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले, ते पुस्तकातून शिकून नव्हे.

अशा बाईचा मुलगा शिकून पास झाला, हॉटेलात लागला आणि पुढं नाशिकलाच एका संस्थेत वाइनची चव शिकवू लागला. तिनं बरेच दिवस कुणाला सांगितलंच नाही. विचारलं तर "हाटेलात मास्तर आहे" म्हणायची. एका थंडीत ती माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, पोरगं म्हंते मी थुकतो. रोज थुकतो म्हंते. त्याचा बापही म्हने, मी घेतली नाही. तुमी एकडाव जाऊन पाहून या. तुमी खोटं नाही सांगनार."

शकुंतला बंद पडल्यापासून मूर्तिजापूरला एसटीनंच जावं लागतं. तिथून रात्रीची गाडी धरून मी नाशिकरोडला उतरलो. जानेवारी संपत आला होता, द्राक्षांची तोडणी चालू होती. गुन्हा शोधायला निघालेल्या पोलिसासारखं मला वाटत होतं.

वर्गात चौदा मुलं-मुली. प्रत्येकापुढे पांढरा कागद, पाण्याचा पेला, कोरडा पाव आणि थुंकायचं भांडं. एकवीस वर्षं पुरी न झालेल्यांना फक्त हुंगायचं, चाखायचं नाही, असा त्यानं नियम केला होता. अशी पाच जणं होती. वाइनला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसतं पाणी. एका पेल्यात साखर, एकात लिंबू, एकात काळा चहा. गोड, आंबट, तुरट. मग पुड्या निघाल्या आणि मला हसू आलं. धने, मिरी, गूळ, वहीचा कागद. आणि कापसाचे फाये.

त्याचा एक नियम मला फार आवडला. तो स्वतः आधी कधीच बोलत नव्हता. नंतर मला म्हणाला, "मी पहिले बोललो ना चाचा, का सगळ्याईले तोच वास येते." सगळ्यांनी आधी कागदावर लिहायचं, मग वाचायचं. एका मुलीनं पांढऱ्या वाइनला 'मोहाची फुलं' असं लिहिलं. ती नंदुरबारकडची. दोघंतिघं हसले. तो हसला नाही. म्हणाला, ताजी की सुकलेली? ती म्हणाली, सुकत आलेली, दुसऱ्या दिवशीची. त्यानं ते फळ्यावर लिहिलं.

मग त्यानं माझ्याकडे पाहून एक कुपी काढली. आजोबांच्या पेटीतली, मीच त्याला दिलेली. गिल, म्हणजे मातीचं अत्तर. कनौजला भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, पहिल्या पावसाचा वास. सगळी मुलं खूश झाली. तो म्हणाला, हा वास आपल्याला जगात सगळ्यांत प्रिय. पण वाइनमध्ये ओल्या मातीचा असा वास आला, तर तो दोष समजा, द्राक्ष कुठंतरी सडलेलं असू शकतं. एके ठिकाणचा गुण तो दुसऱ्या ठिकाणचा दोष. मी मनात म्हटलं, याची आई समोर असती तर तिनं यावर मान डोलावली असती.

शेवटी चाखणं. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. आमच्या पोरानं घोट घेतला, फिरवला, भांड्यात थुंकला, पाण्यानं चूळ भरली आणि लिहिलं. चार वाइन, चारदा. एकदाही गिळला नाही. पण मला बाकीचेही दिसत होते. चाखणाऱ्या नऊ जणांपैकी सात जण थुंकले. मागच्या बाकावरची दोन मुलं गिळत होती. एकमेकांकडे पाहून हसत होती. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांच्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

श्रोतेहो, २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावर मोठं वादळ उठलं आणि तो अमलात आला नाही. तेव्हा एक वाक्य फार ऐकू यायचं, की वाइन म्हणजे दारू नव्हे. मला ते पटत नाही. तिच्यात शंभरात बारा ते चौदा भाग मद्यार्क असतो. मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये सांगितलं. नाव द्राक्षाचं घेतलं म्हणून तिची जात बदलत नाही. पण दुसऱ्या बाजूचं 'सगळे एकाच माळेचे मणी' हेही मला त्या वर्गात बसल्यावर म्हणता येईना. शेतकऱ्याच्या वेली आहेत, पोरांच्या नोकऱ्या आहेत. आणि त्या वर्गात जे शिकवलं जात होतं, ते पिणं नव्हतं. लक्ष देणं होतं, खरं तेच लिहिणं होतं आणि थांबणं होतं. पिणाऱ्याची जीभ आधी झोपते, ही पोरं जीभ जागी ठेवायला शिकत होती. निदान नवांतली सात तरी.

परत आलो. ती वाटच पाहत होती. मी सांगितलं, "तो थुंकतो. चार वेळा पाहिलं. चुळा भरतो." तिनं पदर तोंडाला लावला, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन् बाकीचे पोट्टे?"

मला खोटं सांगता आलं असतं. तिनं मला ज्या कारणासाठी पाठवलं होतं, ते आठवलं. म्हटलं, "दोघं गिळत होते."

ती उठली. दाराशी जाऊन थांबली आणि म्हणाली, "त्या दोघाईच्या मायले माहीत आहे काय?"

हा प्रश्न मी त्याच रात्री तिच्या मुलाला फोनवर जसाच्या तसा सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचा, मले दिसले होते थे दोघं. पाहुना समोर बसला म्हनून मी बोललो नाही. उद्या थांबवतो त्याईले." दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना थांबवलं, आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. शिकवू लागल्यापासून वर्गात कुणाला ती त्यानं पहिल्यांदाच सांगितली. त्यातला एक पुढच्या वर्गापासून थुंकू लागला. दुसरा वर्गाला येईनासा झाला. त्याच्या घरी आमच्या पोरानं दोनदा फोन केला, अजून कुणी उचललेला नाही.